खुर्चीवर बसलेला बँड

बँड चालत वाजवायचा असतो. बसून नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

मी भिका. आता लोक भिकानाना म्हणतात. धुळ्यात करीम मास्तरांच्या बँडमध्ये मी मोठा ढोल वाजवला, केस काळे होते तेव्हापासून पांढरे होईपर्यंत. शिक्षण चौथी. हा दिवाळी अंक काढणारे सर घरी आले आणि म्हणाले, "नाना, तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा." मी म्हटलं, गमती दुसऱ्या कोणाला विचारा, माझी बायको गेली आहे. सर उठले नाहीत. चहा करायला घरात कोणी नव्हतं म्हणून मीच केला. साखर घालायची राहिली. तरी त्यांनी तो पूर्ण पिला. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं? म्हणून लिहितो. शुद्धलेखन त्यांचं त्यांनी बघावं.

तर चालणं. वरातीत ढोलवाल्याला पुढचं काही दिसत नाही. पोटावर ढोल, पुढे नाचणारे, त्यांच्या पुढे धूळ. त्याला दिसते फक्त मास्तरांची पाठ. ढोल हातात असतो असं लोकांना वाटतं, पण तो पायातून येतो. डावा पाय जमिनीला लागला की ठोका. पाय आणि ठोका वेगळे करता येत नाहीत. ट्रम्पेटवाले असोत, साईड ड्रमवाला असो, झांजवाला असो, सगळ्यांचे कान ढोलाकडे आणि पाय ढोलाबरोबर. मास्तर क्लॅरनेटवर गाणं सांगतात, पण गाणं चालवतो ढोल. गर्वाने नाही सांगत, कामच तसं आहे.

आणि थांबवतो पण ढोलच. हे लोकांना माहीत नसतं. सुरू करणं कोणालाही येतं. वीस माणसं एका जागी थांबवायची म्हणजे एक ठोका असा मारायचा की तो घुमला नाही पाहिजे. मारला की लगेच तळहात चामड्यावर दाबून धरायचा. आम्ही त्याला मुका ठोका म्हणायचो. तो पडला की कोणी अर्धा सूर तोंडात ठेवायचा नाही, तिथेच सोडायचा.

हा ठोका कधी लागायचा? दवाखाना आला की आवाज खाली. शाळेत परीक्षा असली तर खाली. नमाजाची वेळ असली तर मशिदीपुढून मुक्याने जायचं. आणि समोरून मयत आली तर बंद. पूर्ण बंद. मास्तर क्लॅरनेट उभी वर धरायचे, मी मुका ठोका द्यायचो, सगळे रस्त्याच्या कडेला होऊन टोप्या काढायचे. मयत लांब गेली की परत सुरू, पण लगेच नाचाचं गाणं नाही. पहिली एक भजनाची चाल, मग नाच. मास्तरांच्या वडिलांनी घालून दिलेला नियम. कोणाची मयत, कोणत्या जातीची, हे विचारायचं नाही.

शिरपूरला एकदा असंच झालं. वरात ऐन रंगात आणि समोरून तिरडी. आम्ही थांबलो. नवरदेवाचा मामा नाचून घामाघूम झालेला, तो आला अंगावर.

"ए मास्तर! मुहूर्त चालला ना आमचा! वाजव!"

मास्तर म्हणाले, "मामा, मुहूर्त त्याचा पण आहे. तुमचा जरा पुढे ढकलता येतो, त्याचा नाही येत."

मामाने मास्तरांची टोपी हातातून उडवली. मास्तरांनी खाली वाकून ती उचलली, धूळ झटकली, पण डोक्यावर नाही घातली. मयत अजून जायची होती.

लोक विचारतात, नाना, गिऱ्हाइकं कशी कशी भेटली? काय सांगू. दोंडाईच्याला एका घोडीला एकच गाणं आवडायचं. दुसरं वाजवलं की ती उभी राहायची, नवरदेव टाचा मारून थकायचा. पूर्ण वरात आम्ही तेच एक गाणं वाजवलं आणि नवरीच्या बापाला वाटलं की बँडला दुसरं येत नाही. रावेरच्या एका केळीवाल्याने आम्हाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवलं. म्हणाला, माझ्या पोराची वरात केळीच्या ट्रॉलीतून निघेल, बँड पण ट्रॉलीत. आम्ही उभे, ट्रॉली चालते, पाय चालत नाहीत. खड्डा आला की दोन ठोके, नाही आला तर एकही नाही. ताल पार गेला. लोक हसले, आम्ही पण हसलो. पाय थांबले की ताल जातो, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं, पण आलं नाही.

आता मंगलाचं सांगतो. मंगला माझी बायको. ती बँडचे कोट शिवायची. लाल कोट, पिवळी झालर, खांद्यावर गोंडे. पायाने चालवायचं शिलाई मशीन होतं, ते तिने माहेरून आणलेलं. धुळ्यात कोणाच्याही वरातीत आमचा बँड चालला की अर्धा बँड तिच्याच हातचा असायचा. पण तिने तो ऐकलेला नव्हता. खरं सांगतो. बँडवाल्याची बायको लग्नाला जात नाही. बोलावणं बँडला असतं, घराला नसतं. आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून बघणं तिला पटायचं नाही. म्हणायची, "जठे बसाले कोणी सांगत नही, तठे मी कसाले उभी राहू?" म्हणजे जिथे बस म्हणायला कोणी नाही, तिथे उभी तरी कशाला राहू. तर ती ऐकायची ते लांबून, गल्लीतून जाणारा आवाज.

नव्वदच्या आसपासची गोष्ट असेल. जळगावच्या एका डाळ मिलचे मोतीशेठ, मारवाडी माणूस, भला माणूस. त्यांच्या लग्नात मास्तरांच्या वडिलांनी वाजवलं होतं. त्यांचा मुलगा सुनीलभाऊ मुंबईत शिकून आलेला. मिलला पन्नास वर्षं होत होती. सुनीलभाऊ गाडी घेऊन आमच्या गल्लीत आले. सोबत एक उंच, पांढऱ्या केसांचे साहेब. डिसिल्वा साहेब. मुंबईत चाळीस-पन्नास व्हायोलिनवाल्यांचा ताफा त्यांच्या हाताखाली वाजवतो, असं सुनीलभाऊंनी सांगितलं. साहेब स्वतः वाजवत नाहीत, समोर उभं राहून काठी हलवतात.

"त्यांना कंडक्टर म्हणतात," सुनीलभाऊ म्हणाले.

आमचा दगडू, ट्रम्पेटवाला, हळूच म्हणाला, "मग तिकीट कोण फाडेल?" मी त्याला कोपर मारलं.

सुनीलभाऊंच्या डोक्यात असं होतं की मिलच्या मैदानावर स्टेज बांधायचं, एका बाजूला मुंबईचे व्हायोलिनवाले, दुसऱ्या बाजूला धुळ्याचा जुना बँड, आणि दोघांनी मिळून वाजवायचं. बाबांच्या वरातीतलं गाणं, पण नवीन बांधून. मास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्या वेळी आमचे बरेच जण म्हातारे झालेले. मास्तरांना कवळी लागली होती. क्लॅरनेट वरच्या दातांवर टेकवावी लागते, तर मास्तरांनी दोन कवळ्या केल्या होत्या, एक जेवायची आणि एक वाजवायची. एखाद्या पंगतीत चुकून वाजवायची तोंडात राहिली की त्यांना पुरी तुटायची नाही.

आम्ही गल्लीत चालत वाजवून दाखवलं. डिसिल्वा साहेबांनी टाळ्या वाजवल्या, पायाने ठेका धरला. मग म्हणाले, आता बसून. स्टेजवर व्हायोलिनवाल्यांच्या खुर्च्या, प्रत्येकाच्या पुढे माईक, चालायला जागा नाही, आणि सगळ्यांना काठी दिसली पाहिजे. मंडपवाल्याकडून खुर्च्या आणल्या. आम्ही बसलो.

आणि वाजलं नाही.

कसं सांगू? दगडू पुढे पळाला, मोठ्या पितळी बाजावाले मागे राहिले. साईड ड्रमवाल्याने मधेच काड्या थांबवून माझ्याकडे बघितलं. मी माझ्या पायाकडे बघत होतो. पाय जमिनीवर मेल्यासारखा पडलेला. हाताला कळेना कधी मारायचं. दोनदा केलं, तीनदा केलं. गल्लीतल्या बाया दारात उभ्या राहून तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

साहेब सुनीलभाऊंशी इंग्रजीत बोलले. सुनीलभाऊ आमच्याकडे वळले. आवाज गोड होता.

"मास्तर, असं करू ना. तुम्ही गेटवर पाहुण्यांचं स्वागत करा. तिथे तुमच्यासारखा बँड नाही. स्टेजवर हे लोक वाजवतील."

मास्तर क्लॅरनेटच्या तोंडाची पट्टी काढून पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "सुनीलभाऊ, गेट आम्हाला पाठ आहे. जन्म गेला गेटवर. त्याच्यासाठी तुम्हाला धुळ्यापर्यंत पेट्रोल जाळायची गरज नव्हती. जळगावात गेटवर वाजवणारे पुष्कळ आहेत."

साहेबांनी विचारलं, काय म्हणाले? सुनीलभाऊंनी काय सांगितलं माहीत नाही, पण साहेब मास्तरांपुढे येऊन खुर्चीवर बसले. म्हणाले, "मास्टर, कार्यक्रम के पहले जलगाँव में रिहर्सल है. उस दिन बैठ के बजा दो, तो स्टेज. नहीं बजा, तो गेट. चलेगा?"

"चलेगा," मास्तर म्हणाले.

जाता जाता सुनीलभाऊ असंही बोलून गेले की हे जमलं तर मुंबईला मोठ्या हॉलमध्ये करू. ते गेल्यावर सगळ्यांच्या मनात मुंबईच होती. आम्ही ज्या मांडवापर्यंत वाजवत जायचो त्या मांडवात आम्हाला कधी कोणी बसवलेलं नव्हतं. वरात आत गेली की आम्ही बाहेर. पंगत उठल्यावर मागच्या बाजूला जेवण. तक्रार नाही, धंद्याची रीत होती. पण एकदा खुर्चीवर बसायचं, आणि समोर बसलेल्या माणसांनी दुसरं काही न करता फक्त ऐकायचं, एवढं पाहिजे होतं. मास्तर म्हणाले, "आता गेटवर नाही उभं राहायचं. मरेपर्यंत सराव करू, पण नाही."

रोज सराव. रोज तीच बोंब. मी घरी आलो की भिंतीकडे तोंड करून बसायचो. एक दिवस मंगला मशीनवर कोट शिवत होती. स्टेजसाठी नवीन झालर लावत होती.

"काय व्हयनं?"

"बसून वाजत नाही."

"कसाले नही वाजस?"

"पाय बंद पडतो. पाय बंद तर हात बंद."

तिने मशीन थांबवलं नाही. म्हणाली, "मी बसेल शे का उभी शे?"

"बसलेली."

"मन्हा पाय बंद शेतस का?"

मी तिच्या पायाकडे बघितलं. संसाराला इतकी वर्षं झाली, ते पाय मी असे कधी बघितले नव्हते. मशीनच्या पायडलवर टाच, मग बोटं, टाच, मग बोटं. खुर्ची जागची हलत नव्हती आणि बाई चालत होती. वर हात आपलं काम करत होते, कापड सरळ रेषेत सरकत होतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि दगडूने ते मशीन उचलून मास्तरांच्या अंगणात नेलं. मंगला मशीनवर बसली आणि बँड तिच्यापुढे खुर्च्यांवर. तिच्या पायाकडे बघायचं आणि तसे पाय हलवायचे. वाजवायचं काही नाही. पहिले दोन दिवस नुसते पाय. मास्तरांची बेगम खिडकीतून म्हणाली, "या अल्ला, बँड का दर्जीखाना हो गया." दगडूने मंगलाला हात जोडले. "वहिनी, कोट मागून शिवा, आधी आम्हालाच शिवून टाका. सगळे उसवले आहोत."

"तू त पयलेपासून उसवेल शे," मंगला म्हणाली. बँड हसला. हसताना पण पाय चालू ठेवायचे, असा मास्तरांचा हुकूम.

पायाखाली फळ्या टाकल्या, म्हणजे टाचेचा आवाज येईल. चौथ्या-पाचव्या दिवशी मी ढोल मांडीजवळ घेतला. टाच पडली की ठोका. पहिल्यांदा हात घाबरला, मग लागला. मग साईड ड्रम. मग झांज. शेवटी मास्तर. त्या अंगणात आमचा बँड पहिल्यांदा बसून एका जागी चालला.

घरी येताना मंगला म्हणाली, "आते माले बी खुर्ची पाहिजे."

"कुठे?"

"तठेच. मिलमा. मी बी बसीन आयकसू." म्हणजे मी पण बसून ऐकणार.

मी हो म्हटलं. न विचारता हो म्हटलं. मग सुनीलभाऊंना निरोप पाठवला की ढोलवाल्याची बायको येणार आहे, तिला खुर्ची पाहिजे, गेटजवळ नाही, समोर.

जळगावच्या रिहर्सलला वेगळीच भानगड निघाली. सूर. आमची वाद्यं पितळेची, उन्हात तापली की सूर वर चढतो. आम्ही एसटीच्या स्टँडवरून उन्हात चालत गेलेलो, बाजे तव्यासारखे गरम. व्हायोलिनवाल्यांनी सूर दिला, आमचा त्याच्या डोक्यावर. साहेबांनी कानात बोटं घातली. मास्तर म्हणाले, बाजे सावलीत ठेवा आणि सगळे चहा प्या. चहा झाल्यावर प्रत्येकाने आपली नळी थोडी थोडी बाहेर ओढली, साहेब एकेकापुढे जाऊन कान लावत होते. त्यांनी कंटाळा नाही केला, हे मी लिहिलं पाहिजे. व्हायोलिनवाल्यांच्या पुढे कागद होते. दगडूने एका बाईला विचारलं, "ताई, तुमचं पाठ नाही होत का?" ती हसून म्हणाली, "काका, आमचं दर वेळी नवीन असतं. तुमचं बरं आहे." त्याला ते उत्तर आवडलं.

मग वाजवलं. टाच, बोट, टाच, बोट. साहेबांनी काठी हलवता हलवता खाली बघितलं, एका रांगेत सगळे बूट एकदम वर खाली होताना, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. संपल्यावर काठी खिशात ठेवली आणि एवढंच म्हणाले, "स्टेज."

करीम मास्तरांनी तोंडावर रुमाल धरला. कवळी सरकली म्हणाले. आम्ही मान्य केलं.

कार्यक्रम थंडीत होता, उन्हं कलली की सुरू. मिलचं मैदान भरलेलं. स्टेज पायऱ्या-पायऱ्यांचं, मी सगळ्यात मागे सगळ्यात वर, कारण ढोल. तिथून मला पूर्ण मैदान दिसत होतं आणि मैदानामागची मिलची भिंत, भिंतीपलीकडचा रस्ता. मंगला तिसऱ्या रांगेत. जांभळी साडी, हातात रुमाल, पाठ ताठ. खुर्चीच्या काठावर बसलेली, कोणी उठवेल की काय अशी. मोतीशेठ पहिल्या रांगेत, डोक्यावर पगडी. एक माणूस खांद्यावर व्हिडिओचा कॅमेरा घेऊन फिरत होता.

पहिल्यांदा नुसती व्हायोलिनं. मी आयुष्यात तसं ऐकलं नव्हतं. सगळी मिळून एक श्वास घेतल्यासारखी. मग साहेबांनी आमच्याकडे बघितलं. टाच पडली. आम्ही शिरलो. सांगतो, चांगलं झालं. माझ्या तोंडाने सांगतो म्हणून खोटं समजू नका. मास्तरांनी शेठच्या वरातीतलं गाणं उचललं, व्हायोलिनं त्याच्याखालून आली, आणि मोतीशेठ खुर्चीतल्या खुर्चीत डोलायला लागले. मंगलाच्या पायाकडे माझं लक्ष गेलं. साडीच्या काठाखाली टाच चालू होती.

शेवटचा भाग बाकी होता. साहेबांनी तो असा बांधला होता की ढोल वाढत जाईल, त्याच्यावर सगळे चढत जातील आणि एकदम शेवट. त्यांनी मला सांगून ठेवलं होतं, "यहाँ से मैं भी आपके पीछे." आम्ही त्या भागात शिरलो. चढायला लागलो.

आणि भिंतीपलीकडे मला तिरडी दिसली.

चार-सहा माणसं, बाकी कोणी नाही. गरिबाची मयत. मैदानात बसलेल्या कोणाला दिसणं शक्य नव्हतं. मास्तर खालच्या पायरीवर, त्यांना भिंतीपलीकडचं दिसत नव्हतं. रस्त्यावर असतो तेव्हा बघायचे मास्तर, थांबवायचो मी. इथे बघणारा पण मीच, आणि थांबवणारा पण मीच. मास्तर काही बोलणार नव्हते. कोणीच बोलणार नव्हतं. थांबलो नसतो तर कोणाला कळलंही नसतं.

लोक नंतर म्हणाले, भिका, तुझी सवय तुला नडली. सवय नाही. सवय असती तर हात आपोआप थांबला असता. मी विचार केला. दोन-तीन ठोके गेले असतील तेवढ्यात. मुंबई आठवली, गेट आठवलं, मास्तरांचा रुमाल आठवला. आणि ती चार-सहा माणसं. आपल्या माणसाला घेऊन चाललेत आणि भिंतीच्या अलीकडे हजार माणसं बेहोश. मी मुका ठोका दिला. हात चामड्यावर दाबून धरला.

बँड थांबला. एकही सूर मागे राहिला नाही. इतका साफ आम्ही रस्त्यावरसुद्धा कधी थांबलो नसू. मास्तरांनी मागे वळून बघितलंसुद्धा नाही. उभे राहिले, टोपी काढली. मागोमाग सगळे उभे, टोप्या हातात. व्हायोलिनं थोडी पुढे गेली, मग एकेक करून अडखळली. साहेबांचा हात हवेतच. लोक कुजबुजायला लागले. कोणीतरी ओरडलं, "लाईट गेली का?" सुनीलभाऊ स्टेजच्या पायरीपर्यंत धावत आले.

मग त्या शांततेत भिंतीपलीकडून आवाज आला, राम बोलो भाई राम. थकलेला आवाज.

मोतीशेठ उभे राहिले. पगडी काढून छातीशी धरली. त्यांच्यामागे एक रांग उठली, मग दुसरी. डिसिल्वा साहेबांनी काठी खाली ठेवली. आवाज लांब जाईपर्यंत कोणी हललं नाही. फक्त तो कॅमेरावाला मूर्ख काय चित्र काढावं समजेना म्हणून इकडे तिकडे फिरत होता.

आणि आता पुढे काय? आमचा नियम आधी सांगितला आहे. मयतीनंतर पहिली भजनाची चाल. मास्तर बसले आणि त्यांनी तीच सुरू केली. साहेबांच्या कागदात ती नव्हती. व्हायोलिनवाले कागद उलटेपालटे करायला लागले. साहेबांनी हाताने खूण केली की कागद सोडा, एकच सूर धरा. त्यांनी धरला. काहींना नंतर चाल सापडली, काहींना नाही. सुंदर झालं असं मी म्हणणार नाही. बेसूर होतं. थंडीने आमचे बाजे उतरले होते. पण झालं. भजन संपल्यावर मी टाच टाकली, साहेबांनी माझ्याकडे बघून काठी उचलली आणि जो शेवट राहिला होता तो आम्ही चढून केला. टाळ्या झाल्या. थोड्या उशिरा झाल्या.

सुनीलभाऊ चहाच्या वेळी माझ्यापुढे येऊन उभे राहिले. चेहरा लाल.

"भिकाभाऊ, कोण होतं ते? तुमचं कोणी होतं का?"

"नाही."

"मग?"

"मग काय. मयत होती."

"सगळी कॅसेट खराब झाली. हे मुंबईत कोणाला दाखवू मी?"

मी माझा चहा त्यांच्यापुढे धरला.  माणूस वाईट नव्हता, त्याने किती खटपट केली होती. मुंबई गेली ती गेली. डिसिल्वा साहेब मात्र हात मिळवायला आले. म्हणाले, "अगली बार मुझे भी इशारा करना, भिकाभाऊ. मैं अकेला हाथ हिलाता रह गया." पुढची वेळ आली नाही.

मास्तर माझ्यावर रागावले का? एसटीची वाट बघताना ते म्हणाले, "तुला दिसलं आणि तू थांबला नसता, आणि मला नंतर कळलं असतं, तर उद्यापासून ढोल दुसऱ्याला दिला असता." मग त्यांनी कवळी बदलली आणि भजी खाल्ली.

गाडीत मंगला खिडकीशी बसली होती. मी विचारलं, "कसं होतं?"

"बठ्ठं आयकं," ती म्हणाली, म्हणजे सगळं ऐकलं. "तुमना ढोल भलता मोठा शे. शेजारनी बाई दचकनी."

 पारोळ्याच्या पुढे आल्यावर म्हणाली, "थांबनात ते बरं करं." एवढंच. आणि रुमाल तोंडावर घेऊन झोपून गेली.

त्यानंतर बँडचे दिवस गेले ते सगळ्यांना माहीत आहे. आधी गाडीवरचे बेंजो आले, मग भोंगे, मग हा डीजे. डीजेला पाय नाहीत. गाडी चालते, माणूस बसलेला, गाणं आधीच कुठेतरी वाजवून ठेवलेलं. मास्तर गेले. बाजे काही विकले, काही मोडीत गेले. मी ढोल ठेवला, पण चामडं फाटलं ते बदललं नाही.

मंगला या उन्हाळ्यात गेली. आजाराचं लिहीत नाही. तिला घेऊन आम्ही निघालो तेव्हा बाहेरगावाहून आलेला आमचा मुलगा मडकं धरून पुढे, मी मागे, माझ्या बाजूला दगडू, त्याला आता नीट चालवत नाही. नदीच्या रस्त्याला वळलो आणि समोरून वरात. डीजेची गाडी, भिंतीएवढे डबे, छातीत धडधड होईल असा आवाज. पोरं नाचत होती. लोक मला म्हणाले, "नाना, राहू द्या. कडेने काढू."

मी म्हटलं, नाही.

मी पुढे गेलो. पोरांमधून वाट काढत गाडीपर्यंत गेलो. ड्रायव्हर काचेतून म्हणत होता, बाबा, बाजूला व्हा, मला ऐकू येत नव्हतं, त्याच्या तोंडावरून कळत होतं. मी गाडीच्या बॉनेटवर एक ठोका दिला. हात उचलला नाही. पत्र्यावर दाबून धरला. पत्रा तापलेला होता, तरी धरला.

त्याने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या मागे बघितलं. मागे वळून कोणाला तरी काही ओरडला, आणि मशीन बंद झालं.

दगडूने टोपी काढली. नाचणाऱ्या पोरांपैकी एकाने त्याच्याकडे बघून डोक्यावरचा फेटा काढला, मग बाकीच्यांनी. आमची माणसं मंगलाला घेऊन त्यांच्या मधून गेली. मी हात पत्र्यावरून तेव्हा उचलला. मागे परत गाणं कधी सुरू झालं ते मला ऐकू आलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर पाहुणे गेले. घरात मशीन होतं. त्याच्यावर अर्धा शिवलेला परकर तसाच. मी त्या खुर्चीवर पहिल्यांदा बसलो. सुई वर केली, कापड बाजूला काढलं, पाय पायडलवर ठेवले. टाच. बोटं. टाच. बोटं. चाक फिरायला लागलं.

रोज संध्याकाळी बसतो. शिवत काही नाही. ताल सुटू देत नाही.